न उघडलेलं इंजिन

एका गावात एक पिकअप होती. गावाला तिचा भारी अभिमान होता. तो तिच्या वेगाचा नव्हता, ताकदीचाही नव्हता. बारा वर्षांत तिचं इंजिन एकदाही उघडलेलं नाही, याचा होता.

"कंपनी फिटिंग आहे," रंगनाथतात्या बॉनेटवर थाप मारून सांगायचे. "आजवर कुणाचा पाना लागलेला नाही." पाहुण्यांसमोर लग्नाच्या मुलीबद्दल बोलावं तसा तेव्हा त्यांचा आवाज व्हायचा. पारावरची म्हातारी मंडळी माना डोलवायची. उघडलेल्या इंजिनाचा भरवसा नाही, एकदा उघडलं की ते पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही, हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं. कुणी कधी इंजिन उघडून पाहिलं नव्हतं, म्हणून तर इतकं पक्कं माहीत होतं. ऑइल बदललं तर चालायचं. ते उघडण्यात धरायचं नाही, असं तात्यांचं शास्त्र होतं.

दसऱ्याला पिकअपला अंघोळ घालून झेंडूचा हार चढवायचे. चाकाखाली लिंबू ठेवायचे. तात्यांच्या पत्नी केसरकाकू स्टिअरिंगच्या मधोमध लाल टिकली लावायच्या, कारण गाडी म्हणजे घरची लक्ष्मी. बॉनेट मात्र कुणी उचलायचं नाही. लक्ष्मीला ताप आहे का, हे बघायची पद्धत नव्हती.

गाव तुतीचं होतं. चौदा घरं तुती लावायची आणि तिच्या पाल्यावर रेशमाच्या अळ्या पोसायची. महिनाभर रात्रंदिवस पाला घातला की अळ्या आपल्याभोवती पांढरे कोष विणायच्या. पण कोषाला त्याचं स्वतःचं घड्याळ असतं. विणून झाल्यापासून दहा-अकरा दिवसांत आतल्या अळीचा पतंग होतो आणि तो कोष फोडून बाहेर येतो. फुटलेल्या कोषाचा अखंड धागा निघत नाही, आणि बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. बाजार शेजारच्या राज्यात, दीड दिवसाच्या वाटेवर, मध्ये एक मोठा घाट. म्हणजे चौदा घरांचं महिनाभराचं जागरण त्या एका पिकअपवर लादलेलं असायचं.

पिकअप दोघा भावांची होती. थोरले रंगनाथतात्या, धाकटे श्रीपतीआण्णा. चावी तात्यांच्या कमरेला. आण्णा शेजारच्या सीटवर बसायचे. त्यांचा एकच उपयोग होता, असं तात्या म्हणायचे: आण्णांना चालत्या गाडीत कधी झोप लागत नसे. दीड दिवसाची वाट असो, आण्णा टक्क जागे. चालवणाऱ्याची डुलकी मोडायला असा माणूस बरा.

आण्णांची मुलगी द्वारका जिल्ह्याच्या गावी राहून ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून आली. आल्या आल्या तिने पिकअपचा आवाज ऐकला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आण्णा, हिच्या इंजिनाचे टॅपेट वाजताहेत."

"दहा वर्षं झाली गाडीला, वाजणारच काहीतरी."

"वाजायला नको. आपण बघू या ना."

आण्णांनी दारातून बाहेर बघितलं. तात्या नव्हते. मग ते हळूच म्हणाले, "गुरुवारी बघ. तात्या एसटीने आठवडी बाजाराला जातात तेव्हा. आणि त्यांना सांगायचं नाही."

तेव्हाच द्वारकेने ओळखायला हवं होतं. पण ती बावीस वर्षांची होती आणि तिला बॉनेट उघडायची घाई होती.

पहिल्या गुरुवारी तिने डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि खाली स्टीलचा ग्लास धरला. ग्लासात वर डिझेल होतं आणि खाली दोन बोटं पाणी. आण्णा ग्लास उजेडात धरून बघतच राहिले. "हे इंजिनात जात होतं?"

"जायच्या वाटेवर होतं."

दुसऱ्या गुरुवारी हवेचा फिल्टर काढला. त्यातून वाळू निघाली. तिसऱ्या गुरुवारी रेडिएटर रिकामा केला. वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतून आत तांबडा चिखल साठला होता, तो धुऊन तिने कूलंट भरलं. आणि चौथ्या गुरुवारी तिने इंजिनावरचं झाकण काढलं.

आण्णांनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा समोर तेलाने चमकणारी टॅपेटची रांग होती, जागच्या जागी. काही उडून गेलं नव्हतं. द्वारकेने पातळ गेजपट्टी एकेका फटीत घालून माप घेतलं, पाना फिरवला, पुन्हा माप घेतलं. "बारा नंबर," ती हात पुढे करायची आणि आण्णा बारा नंबरचा पाना तिच्या तळव्यावर ठेवायचे. संध्याकाळी झाकण बसलं. घरातल्या जादा चावीने गाडी सुरू केली तेव्हा आण्णा म्हणाले, "आवाजच गेला की."

"गेला नाही. बरा झाला."

त्या दिवशी आण्णा फार खूश होते. तात्या बाजारातून आले तसे ते पुन्हा गप्प झाले.

अशी दोन वर्षं गेली. द्वारकेने एक वही केली होती. कुठला पट्टा कधी बदलला, कुठला पाइप कधी बदलायचा, सगळं तारीखवार. आणि त्या दोन वर्षांत काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. आसपासच्या गावांच्या गाड्या घाटात उभ्या राहिल्या, कुणाचं गॅस्केट गेलं, कुणाचा पट्टा तुटला. ही पिकअप चुकूनही थांबली नाही. गाडीची पहिली दहा वर्षं नव्या मालाच्या जोरावर निघाली होती, पुढची दोन द्वारकेच्या. पण जे झालं नाही ते कुणाला दिसत नाही. त्याचा हार कुणाच्या गळ्यात घालायचा, हे त्यामुळे ज्याच्या त्याच्या मनावर असतं.

गावाने तो तात्यांच्या गळ्यात घातला. रेशीमवाल्या चौदा घरांनी अळ्यांच्या शेडसमोर सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. तात्या बोलायला उभे राहिले.

"बारा वर्षांत एक फेरी चुकली नाही," ते म्हणाले. "कारण काय? इंजिनाला हात नाही. आजकालची पोरं दिसलं यंत्र की उघड, दिसलं यंत्र की उघड. मी म्हणतो, चालतंय ते चालू द्या."

टाळ्या पडल्या. द्वारका मागच्या रांगेत उभी होती. तिच्या नखांत काळं तेल होतं, ते दोन वर्षांत पुरतं कधी निघालंच नव्हतं. तिने आण्णांकडे बघितलं. एक शब्द. कुणीतरी एवढंच म्हणायचं होतं की माझ्या पोरीचाही हात आहे यात. आण्णा स्वतःच्या वहाणांकडे बघत होते.

मग ती स्वतःच बोलली. "तात्या, उघडलंय. सात वेळा."

"काय उघडलंय?"

"इंजिन. म्हणून चालतंय."

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या, चौदा घरांपैकी एका घरच्या गिरजाकाकू हसल्या आणि इतर कुणी हसत नाही म्हटल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. तात्यांच्या फेट्याखालचा चेहरा आधी पांढरा आणि मग तांबडा झाला.

"श्रीपत्या," ते भावाला म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

आण्णा म्हणाले, "पुसपास करते म्हणाली होती."

दोन वर्षं बारा नंबरचा पाना हातात देणारा माणूस हे म्हणाला. द्वारकेला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. पण सगळ्यांना ऐकू आलं होतं.

त्या दिवसापासून पिकअपच्या बॉनेटला कुलूप लागलं. खरंखुरं, साखळीचं. पान्यांची पेटी केसरकाकूंच्या ट्रंकेत गेली. पारावर चर्चा झाली की पोरगी शिकली ते ठीक, पण घरच्या माणसाचा सत्कार असा नासवायचा नसतो. इंजिनाचं पुढे काय होणार, याची चर्चा झाली नाही.

त्यानंतर पाच फेऱ्या नीट झाल्या. दर फेरीनंतर तात्या अंगणात उभे राहून मोठ्याने म्हणायचे, "बघ, हात न लावता." आधी झालेल्या कामावर गाडी पळत होती. भरलेल्या हंड्यातून पाणी काढत राहावं आणि म्हणावं, विहिरीची गरजच काय, तसं ते चाललं होतं.

मार्च संपत आला. द्वारकेच्या वहीत एक ओळ होती: रेडिएटरचा खालचा पाइप, उन्हाळ्याआधी बदलणे. कुलूप लागायच्या आधीच्या शेवटच्या गुरुवारी तिने तो चिमटीत धरून बघितला होता. रबर मऊ पडलं होतं आणि एका जागी फुगलं होतं. तिने तालुक्याला जाऊन नवा पाइप आणला आणि तात्यांसमोर धरला. राग गिळून, आवाज खाली ठेवून.

"तात्या, हा एवढा बदलू द्या. मी नाही, हवं तर तालुक्याच्या मिस्त्रीकडून बदलून घ्या."

"आत्ता गाडी चालतीय का नाही?"

"चालतीय म्हणूनच बदलायचा. थांबल्यावर बदलून काय उपयोग?"

"म्हणजे धडधाकट माणसाला दवाखान्यात घालायचं."

ओट्यावरची मंडळी हसली. तात्यांना बोलता चांगलं यायचं, आणि आपल्याकडे एवढं पुरतं.

फेरीच्या दिवशी सकाळी पिकअपमध्ये कोषाच्या जाळ्या रचल्या जात होत्या. चौदा घरांचा माल, या खेपेला नेहमीपेक्षा जास्त. अळ्यांनी यंदा मन लावून विणलं, असं गिरजाकाकू म्हणत होत्या. कोष विणून झाल्याला सहा दिवस झाले होते. द्वारकेने आण्णांना बाजूला घेतलं. नवा पाइप आणि एक स्क्रूड्रायव्हर डॅशबोर्डच्या खणात ठेवला.

"दोन क्लिपा आहेत फक्त, आण्णा. तुम्हाला येतं. घाट चढायच्या आधी चहाला थांबता ना, तिथे गाडी गार होऊ द्या आणि बसवा. कुलपाची चावी तात्यांकडे मागून घ्या. आणि वाटेत तापमानाचा लाल दिवा लागला तर एक पाऊल पुढे जायचं नाही."

"बसवतो," आण्णा म्हणाले.

"नक्की?"

"अगं, बसवतो म्हटलं ना."

गाडी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांचा फोन आला. बाजारात गर्दी आहे, नंबर लागायचाय. तिसऱ्या दिवशी, नंबर उद्या लागेल. चौथ्या दिवशी फोन लागलाच नाही. द्वारका दिवस मोजत होती. सहा आणि चार, दहा. तिने गिरजाकाकूंना म्हटलं, "बाजारात चार-चार दिवस नंबर लागत नाही असं कधी झालंय का?"

"मोठी माणसं सांगताहेत तर असेल," गिरजाकाकू म्हणाल्या. पण त्या चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत वाटेकडे बघत उभ्या राहिल्या.

पाचव्या दिवशी दुपारी पिकअप आली. एका ट्रॅक्टरने दोरखंडाने ओढून आणली. शेडसमोर ट्रॅक्टर थांबला आणि कुणीतरी मागची ताडपत्री उचलली.

आत सगळं पांढरं हलत होतं. जाळ्यांवर, फळ्यांवर, दसऱ्याच्या वाळलेल्या हारावर, शेकडो पतंग. रेशमाच्या पतंगाला पंख असतात, पण त्याला उडता येत नाही. ते नुसते फडफडत होते आणि फुटलेल्या कोषांवर अंडी घालत होते. जे फुटले नव्हते ते उन्हात शिजून आतून काळे पडले होते. गिरजाकाकूंनी एक कोष उचलला, त्याच्या भोकात करंगळी घातली आणि तो परत ठेवला. रडलं कुणी नाही. बायका एकेक जाळी उतरवायला लागल्या, जणू माल चांगलाच आहे.

बाजार कधी आलाच नव्हता. गाडी पहिल्याच दिवशी भर दुपारी घाटात बंद पडली होती. आज होईल, उद्या होईल म्हणत तात्या घाटातल्या मिस्त्रीकडे बसून राहिले होते. पहिल्याच दिवशी गावाला खरं कळवलं असतं, तर दुसरी गाडी पाठवून माल वेळेत पोचला असता. पण मग न उघडलेलं इंजिन बंद पडलं, हेही सांगावं लागलं असतं.

पंच मंडळी जमली. तात्या अंगावरची धूळ झटकून उभे राहिले. पाच दिवसांत त्यांना एकच गोष्ट नीट जुळवता आली होती, आणि ती त्यांनी सांगितली.

"मी तेव्हाच म्हटलं होतं. बारा वर्षं चाललेलं इंजिन. हिने उघडलं, आणि बसलं. एकदा उघडलेलं पुन्हा पहिल्यासारखं होत नसतं."

माना डोलल्या. इतक्या सहज, की द्वारकेला त्यांची कीव आली. ती पिकअपच्या पुढच्या भागात चढली. खण उघडला. नवा पाइप तसाच होता, वरचं प्लास्टिकही फाटलेलं नव्हतं. तो हातात घेऊन ती उतरणार, तेवढ्यात तिचं लक्ष डॅशबोर्डकडे गेलं.

तापमानाच्या लाल दिव्यावर एक लाल टिकली चिकटवलेली होती. नेमकी, दिवा पूर्ण झाकेल अशी. स्टिअरिंगच्या मधोमध, केसरकाकू टिकली लावायच्या त्या जागी, डिंकाचा नुसता गोल डाग होता.

द्वारका खाली उतरली. पाइप तिने पंचांसमोर ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "दिवा लागला होता. दिव्यावर टिकली लावून गाडी घाटात चढवली आहे. जाऊन बघा."

कुणी उठलं नाही. तात्या म्हणाले, "टिकली उडून चिकटली असेल. वारं असतं घाटात."

मग द्वारका वडिलांकडे वळली. "आण्णा, तुम्ही शेजारी होता. टिकली कुणी लावली?"

चौदा घरं आण्णांकडे बघत होती. आण्णांनी भावाकडे बघितलं. मग जाळ्यांवर फडफडणाऱ्या पतंगांकडे. मग नेहमीसारखं वहाणांकडे.

"मला झोप लागली होती," ते म्हणाले.

चालत्या गाडीत आण्णांना झोप लागत नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पंचांनाही माहीत होतं. आणि त्यांनी ते मान्य केलं. अडचणीचं खरं मानण्यापेक्षा सोयीचं खोटं मानायला माणसं जरा सरकून जागा करून देतात.

महिन्याभराने नव्या अळ्या कोषावर आल्या. तेव्हा आण्णा द्वारकेच्या दाराशी उभे राहिले. तात्यांनी पाठवलं होतं. पान्यांची पेटी सोबत होती. "तात्या म्हणतात, झालं गेलं. तुला जमत असेल तर बघ. गावाचं काम आहे."

"गावाने तर ठरवलंय ना आण्णा, उघडलेलं इंजिन पुन्हा बसत नाही म्हणून. मग मी काय बसवणार?"

"अगं, मोठ्यांचं बोलणं एवढं धरून बसू नये."

"मी नाही धरून बसले. मोठ्यांच्या बोलण्यावर घाटात बसून राहिले ते कोष."

तिने पेटी तेवढी घेतली, काम घेतलं नाही. इंजिनावर रुसून नव्हे. इंजिनाने तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं, जे दुखत होतं ते ते स्वच्छ सांगत आलं होतं. पण ज्या गाडीचे दिवे झाकले जातात तिचं इंजिन नीट करून काय होणार, हे तिला कळून चुकलं होतं. ती तालुक्याला गेली आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली तिने स्वतःचं गॅरेज टाकलं.

गावात नऊ घरांनी तुती उपटली. पिकअप शेडशेजारी उभी आहे. टायर बसले आहेत. दसऱ्याला तिला अजून हार चढतो, आणि बघायला आलेल्यांना तात्या अजून सांगतात, बारा वर्षं चालली हो, मग पोरीचा हात लागला.

एकदा दुपारी आण्णा एसटीने गॅरेजवर आले. द्वारका एका गाडीखाली होती, फक्त पाय बाहेर. आण्णा स्टुलावर बसले. बराच वेळ तिच्या चपलांकडे बघत राहिले.

"द्वारके," ते म्हणाले, "मला झोप लागली नव्हती. तात्यांनी टिकली काढून दिव्यावर लावली तेव्हा मी बघत होतो. थांबू या का, एवढं म्हटलं मी. ते गप बस म्हणाले. मी गप बसलो."

गाडीखालचा पाना क्षणभर थांबला.

"मला माहीत आहे, आण्णा," ती खालूनच म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे. हे तिथे बोलायचं होतं. इथे एकट्या मला सांगून कोणता कोष परत येणार आहे?"

थोड्या वेळाने गाडीखालून एक हात बाहेर आला, तळवा वर, नखांत काळं तेल.

"बारा नंबर द्या," ती म्हणाली.

आण्णांनी पेटीत बघितलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना आकडे दिसेनात. त्यांनी चाचपून एक पाना तिच्या हातावर ठेवला. तो चौदाचा होता. द्वारकेने तो परत केला आणि हात पुढे करून पेटीतला बारा नंबर स्वतःच काढून घेतला.

तात्पर्य: जे वेळच्या वेळी चालतं ते आपोआप चालत नसतं, कुणीतरी ते न बोलता राखत असतं, आणि ते कोण राखतं हे डोळ्यांनी बघूनही जो ऐन वेळी झोपेचं सोंग घेतो, तो धोक्याचा दिवा झाकणाऱ्याइतकाच गुन्हेगार असतो, मग तो वयाने कितीही मोठा असो.